गावासाठी काम करायचं असेल तर निवडणूक लढवावी का?

तुम्ही विचारलंय की मित्रांचा ग्रुप आहे, झाडं लावता, शाळेला वह्या देता. आता पुढच्या ग्रामपंचायतीला उभं राहावं, की राजकारणात न पडता बाहेरूनच काम करत राहावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगावं, असंही तुम्ही लिहिलंय. मी केलंय. बीड जिल्ह्यातल्या एका एकोणीसशे वस्तीच्या गावात मी पाच वर्षं सरपंच होते. त्याच्या आधी चार हंगाम ऊसतोडीला अर्धा कोयता होते. भाऊ, माझं उत्तर आहे, उभे राहा. का, ते सांगायला मात्र मला मागं जावं लागेल.

आमच्याकडं दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादम म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, त्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. जानेवारी २०१६ मध्ये माझे मालक ट्रॉलीवर मोळ्या रचताना खाली पडले आणि चौथ्या दिवशी गेले. पदरात दोन लेकरं, आणि उचल अजून फिटायची होती. पुढच्या दिवाळीला लेकरं आत्याबाईंजवळ, म्हणजे माझ्या सासूजवळ ठेवून मी दिराच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गेले.

राहतं घर सासऱ्यांच्या नावावर. दोन पत्र्याच्या खोल्या. सासरे मालकांच्याही आधी गेलेले. घरकुलाच्या यादीत माझं नाव आलं होतं, एक लाख वीस हजार मिळणार होते, पण त्याला नमुना नंबर ८ चा उतारा लागतो. नमुना ८ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. तो मालकीचा पक्का पुरावा नाही असं कायदा म्हणतो. पण गावात घरकुल घ्या, विजेचं मीटर घ्या, सगळीकडं तोच उतारा मागतात. मी वारसाचा अर्ज दिला. भाऊबंदांची संमती आणा म्हणाले, आणली. मासिक सभेत विषय घ्यावा लागतो म्हणाले. कधी घेणार? पुढच्या महिन्यात. मी गावात असायची एप्रिल ते दसरा-दिवाळी, त्यामुळं पुढचा महिना पुढच्या वर्षावर जायचा. अशी तीन वर्षं गेली.

एका दुपारी ग्रामपंचायतीत शिपायाशिवाय कोणी नव्हतं आणि ती वही टेबलावर उघडी होती. लांबट वही, लाल कापडाच्या पाठीची, पानांचे कोपरे हाताळून मऊ पडलेले. मी दहावी झालेली आहे, वाचता येतं. आमच्या घराची ओळ सापडली. मालकाच्या रकान्यात सासऱ्यांचं नाव. शेजारी भोगवटादाराचा, म्हणजे घरात राहणाऱ्याचा, रकाना असतो, तिथं एका चुलत भाऊबंदाचं नाव. सासऱ्यांचं नाव फिकट निळं, हे काळंभोर. मी बोट ठेवून दोनदा वाचलं.

शिपाई भला माणूस. त्यानं हळूच ग्रामसभेच्या इतिवृत्ताची वही पण दाखवली. त्यात २६ जानेवारीच्या सभेला हजर असलेल्यांत माझं नाव होतं, आणि पुढं अंगठा. त्या दिवशी मी दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात होते. आणि मला सही येते.

अन्याय झाला म्हणून मी राजकारणात आले, असं नका समजू. अन्याय सगळ्यांवरच होतो. त्या दुपारी मला एवढंच दिसलं की आपलं घर, आपलं हजर असणं, आपलं हो म्हणणं, सगळं त्या वह्यांत लिहिलं जातं, आणि लिहिणारी माणसं चार आहेत. बाहेरून कितीही झाडं लावली तरी त्या वहीत एक ओळ सुधारता येत नाही. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर तिथंच ठरलं.

उभं राहायचा विचार मात्र अजून मनात नव्हता. तो लॉकडाऊननं आणला. मार्च २०२० मध्ये कारखान्यावर आम्ही सगळे अडकलो. कोप्या, म्हणजे आमच्या झोपड्या, पाण्याचा एक टँकर, आणि घरी लेकरं. एका टोळीला दुसऱ्या टोळीची खबर नाही. मी लेकीची जुनी वही घेतली आणि आमच्या गावचे कोण कुठल्या कारखान्यावर आहेत, बरोबर किती लेकरं, किती म्हातारी, कोण गरोदर, सगळं लिहायला बसले. फोनवर फोन. एका फोनवरून दुसऱ्याचा नंबर. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं ऊसतोड कामगारांना गावी जायला परवानगी दिली, तेव्हा यादी मागितली गेली, आणि आमच्या गावापुरती यादी फक्त माझ्या वहीत होती.

गावी पोचलो तर वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. आपलंच गाव. भीती सगळ्यांनाच होती, मी त्यांना दोष देत नाही. आम्ही चौदा दिवस शेतात राहिलो, आत्याबाई बांधावर भाकरी ठेवून मागं सरकायच्या आणि लांबून लेकरं दाखवायच्या. त्या चौदा दिवसांत बायका म्हणाल्या, “आपल्यातलं कुणी आत असतं तर फांद्या टाकायच्या आधी आपल्याला इचारलं असतं.” मग माझ्याकडं बघितलं.

१५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं. त्या दिवशी राज्यात एकाच वेळी चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. तारीख बघा, भर हंगामातली. आमच्यासारख्या गावात जानेवारीची निवडणूक म्हणजे निम्मे मतदार फडात. ज्याच्याकडं पैसा तो जीपगाड्या पाठवून आपापले मतदार आणतो आणि रात्रीतून परत सोडतो. माझ्याकडं गाडी नव्हती. माझ्या वॉर्डातल्या एकेचाळीस जणांनी वर्गणी काढून दोन पिकअप केल्या, मुकादमाकडून एका दिवसाची सुट्टी मागितली आणि त्या दिवसाची मजुरी सोडली. मतदान करून ते त्याच रात्री परत गेले. मी तेवीस मतांनी निवडून आले. पाच वर्षांत जेव्हा जेव्हा कंटाळा आला तेव्हा मला ती बुडालेली मजुरी आठवायची.

त्या वर्षी सरपंचपदाची आरक्षण सोडत निवडणुकीनंतर निघाली, आणि सदस्यांमधून सरपंच निवडायचा होता. सोडतीत आमचं गाव सर्वसाधारण महिलेसाठी निघालं. नऊ सदस्यांत आम्ही पाच बायका. १९९२ च्या घटनादुरुस्तीनं बायकांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या, हे शिबिरात सांगतात तेव्हा टाळ्या पडतात. गावात तसं नसतं. पाचातल्या तिघींचे नवरेच बोलणार होते. दोन गट एकमेकांच्या बाईला मत द्यायला तयार नव्हते, म्हणून मला दिलं. विधवा बाई, मागं कोणी नाही, सांगू तिथं सही करील, असा हिशेब होता. हे मला नंतर त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं.

आणि सुरुवातीला मी सही केलीच. हे मला लपवायचं नाही. केंद्राच्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशाला आता चेक नसतो. सरपंचाची आणि ग्रामसेवकाची (२०२४ पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) डिजिटल सही लागते. त्या सहीचा डोंगल असतो, पेनड्राइव्हसारखा. माझा डोंगल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहायचा. “ताई, तुम्हाला कशाला उन्हात चकरा, आम्ही करून घेतो.” मला ती माझी काळजी वाटली.

बाकी कामं मी जोरात करत होते. पहिलं ग्रामसभेचं. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तो. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे आधी रिकामी सभा दाखवायची, मग दहा जणांत ठराव करायचे. आमच्याकडं वर्षानुवर्षं हेच चाललेलं. मी ठरवलं की कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, माणसं घरी आली, की आठ दिवसांत एक सभा, आणि टोळ्या जायच्या आधी एक सभा. २६ जानेवारीची नियमाप्रमाणं होईल, पण पैशाचा एकही विषय तिच्यात घ्यायचा नाही. वेळ रात्री आठची, मारुतीच्या पारावर, दिवसा रानात गेलेली माणसं येतील अशी. आदल्या दिवशी महिला सभा. ती कायद्यातच आहे, फक्त कुणी घेत नाही.

पहिल्या महिला सभेला अकरा जणी आल्या आणि कुणी बोललं नाही. दुसऱ्या वेळी मी खुर्ची काढली आणि सतरंजीवर बसले. तेव्हा खालच्या वस्तीचं पाणी निघालं. गावात पेव्हर ब्लॉक बसवायचे सदस्यांनी ठरवत आणलं होतं; आणि खालच्या वस्तीच्या बायका हंडे घेऊन ओढ्यापलीकडं जात होत्या. वित्त आयोगाचा साठ टक्के पैसा तेव्हा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असायचा. चाळीस टक्के अबंधित, म्हणजे मोकळा. बायकांनी साठ आणि चाळीसचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि सगळ्या आराखड्याची मांडणीच बदलली. पाईपलाईन झाली. त्या वस्तीत पहिल्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा एका म्हातारीनं तोटी दोनदा बंद करून परत सोडून बघितली.

आता ती डोंगलची गोष्ट. २०२२ च्या मे महिन्यात सभेत मी रोकडवही मोठ्यानं वाचायला घेतली. आजवर कुणी वाचली नव्हती. तारीख, काम, रक्कम. मी वाचत होते, “दिवाबत्ती दुरुस्ती, खालची वस्ती, नऊ हजार चारशे.” मागून एक चुलती उठली. म्हणाली, “अगं माय, आमच्या वस्तीत खांबच नाही, तर दिवा कुठला दुरुस्त केला?”

पार शांत. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण त्या पैशावर सही माझी होती. मला कामाची काहीच माहिती नव्हती. मी उभी राहून सांगितलं की सही माझी आहे, मी न वाचता केलेली आहे, आणि पैसे परत येईपर्यंत मी याच पारावर दर सोमवारी बसेन. पाय कापत होते. ठेकेदारानं दोन महिन्यांत पैसे भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन ड्रॉवरमधून डोंगल घेतला, काळ्या दोऱ्यात ओवला आणि गळ्यात घातला. मंगळसूत्राच्या जागी, असं माझी लेक म्हणाली.

तुम्ही उभे राहिलात तर ही एक गोष्ट माझ्या आधी शिका. आपण चांगले आहोत एवढ्यानं भागत नाही.

त्याच मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केल्याची बातमी आली. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं, हे गावात होऊ द्यायचं नाही. मागोमाग राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मी विधवा, मीच सरपंच. मी विषय मांडला तर स्वतःसाठी मांडला म्हणतील, म्हणून गप्प राहिले. महिला सभेत विषय आत्याबाईंनी काढला. सत्तर वर्षांची बाई, कधी चारचौघांत बोललेली नाही. “हिच्या बांगड्या म्या फोडल्या,” एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यापुढं कुणी भाषण केलं नाही. ठराव झाला. ठरावानं सगळं बदललं असं मी सांगणार नाही. त्यानंतरही दोन घरांत बांगड्या फुटल्या. पण पुढच्या संक्रांतीला तीन घरांतून मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, आणि एका घरी मी गेले.

सरपंच होऊन दोन वर्षं उलटली आणि माझ्यावर अविश्वास ठराव आला. कारण कागदावर मनमानी कारभार, खरं कारण माझ्या गळ्यातला डोंगल. नऊपैकी सहा जणांनी सह्या केल्या. महिलेसाठी राखीव सरपंचपद असेल तर अविश्वासाला तीन चतुर्थांश मतं लागतात. नऊचे तीन चतुर्थांश म्हणजे सात. तहसीलदारांसमोर विशेष सभा झाली, बाहेर पारावर दीडशे बायका येऊन बसल्या, कुणी घोषणा नाही, काही नाही, शेंगा सोलत बसल्या. आत सहाच हात वर झाले. सातवी सदस्य होती तिचा नवरा खिडकीतून डोळे वटारत होता, आणि ती हात मांडीवर ठेवून टेबलाकडं बघत होती. तिनं पुढं कधीही त्या दिवसाचा उल्लेख केला नाही, मीही केला नाही.

शिबिरांतून आम्हाला हिवरे बाजारला, त्या गाजलेल्या आदर्श गावाला, नेलं होतं. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, एम. कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा मुलगा, घरच्यांना वाटायचं शहरात नोकरी करील. गावात पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात, आधी पिण्याचं, जनावरांचं, आणि उरेल त्यावर पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मी तिथं भारावून गेले हे खरं. पण परत येताना गाडीत मनात येत होतं की असं गाव बांधायला माणसं बारा महिने गावात लागतात. आमची सहा महिने नसतात. आदर्श गावांच्या गोष्टी सांगताना हे कुणी बोलत नाही. आमच्या गावाला पाण्याच्या आधी माणसांचा ताळेबंद लागतो.

तो आम्ही केला. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ग्रामसेवकांनी ओळखपत्र द्यायचा निर्णय काढला. माझी लॉकडाऊनची वही तयारच होती. घरोघर जाऊन कोण जातं, कुठं जातं, लेकरं कुणाजवळ राहतात, हे लिहिलं. ज्यांची लेकरं मागं राहतात त्यांची नावं हंगामी वसतिगृहासाठी शाळेला दिली. जायच्या आधी आणि आल्यावर बायकांची तपासणी व्हावी म्हणून आरोग्य उपकेंद्रात तारखा ठरवून घेतल्या. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं किती सहज काढली गेली, ते २०१९ मध्ये सरकारी पाहणीत बाहेर आलं होतं: ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१. माझ्या टोळीतल्या दोघी त्यात असतील. एकीचं वय अठ्ठावीस होतं. यावर मला अजून शांतपणे लिहिता येत नाही, म्हणून पुढं जाते.

आणि नमुना ८. जिथं म्हणून बाई एकटी घर चालवते तिथली ओळ आम्ही तपासली. घर नवरा-बायको दोघांच्या नावानं लावायचं परिपत्रक २००३ पासून आहे. आमच्या वहीत तोवर एकाही बाईचं नाव त्या परिपत्रकानं आलेलं नव्हतं. दर मासिक सभेत दहा-दहा नावं घेतली. माझ्या स्वतःच्या घराचा विषय आला त्या दिवशी मी खुर्ची सोडून बाहेर जाऊन बसले, उपसरपंचांनी सभा चालवली. ते माझ्या विरोधातले. त्यांनी आत बोलावलं आणि वही माझ्याकडं फिरवून म्हणाले, “बघा, स्पेलिंग बरोबर आहे का.” चुलत भाऊबंदाच्या नावावर लाल रेघ होती आणि वर माझं नाव.

पैशाचं विचाराल तर आमच्या एवढ्या गावच्या सरपंचाला तेव्हा महिन्याला तीन हजार मानधन होतं. २०२४ मध्ये ते सहा हजार झालं. त्यात घर चालत नाही. मी शिलाई मशीन घेतलं, लेक आता नर्सिंगला आहे. तुमच्या घरी आधी हे बोलून घ्या. घरचे उपाशी ठेवून सेवा करणारा माणूस तिसऱ्या वर्षी ठेकेदाराच्या गाडीत बसतो, मी बघितलंय.

उभं राहायच्या आधी एक काम करा. तुमच्या गावच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची मागच्या दोन वर्षांची वही आणि रोकडवही बघायला मागा. फोटो काढू नका, बसून वाचा. हजेरीत तुमच्या ओळखीचं कोण आहे आणि त्या दिवशी ते खरंच गावात होतं का, हे त्यांच्या घरी जाऊन विचारा. वही आज सापडत नाही, साहेब मीटिंगला गेलेत, असं दोनदा सांगतील. तिसऱ्यांदा जाताना एकटे जाऊ नका, वस्तीतल्या चार बायका बरोबर न्या.